घराला राखणदार कोणता ठेवावा?

‘व्हायरस’ हा शब्द आमच्या खानदेशात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्याने उभ्या जन्मात संगणकाला हात लावलेला नाही असा रावेर-यावलकडचा केळी बागायतदारही त्याची हकीगत तुम्हाला तासभर ऐकवील. २०२० सालच्या पावसाळ्यात केळीवर कुकुंबर मोझॅक नावाचा व्हायरस पडला. शेतकरी त्याला ‘हरण्या’ म्हणतात. कित्येकांना हाताने लावलेल्या बागा हातानेच उपटून टाकाव्या लागल्या. फवारले आणि झाड बरे झाले, असे या रोगावर औषध नाही. मावा नावाची बारीक कीड तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. म्हणून माव्याचा बंदोबस्त करायचा, बांधावरचे तण काढायचे, रोपे खात्रीच्या ठिकाणची आणायची, आणि एखाद्या झाडाच्या पानावर पिवळे पट्टे दिसू लागले की माया न करता ते उपटून दूर नेऊन टाकायचे. माणसाच्या हाती एवढेच.

गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे जे काम आले ते याच जातीचे होते. बाग तेवढी घरातली होती. दोन घरांतील संगणक आणि मोबाईल यांच्यासाठी चांगला अँटिव्हायरस निवडायचा, असे ते काम. एक घर आमचे जळगावचे आणि दुसरे धुळ्याच्या देवपुरातले, माझ्या थोरल्या बहिणीचे. मी काही संगणकतज्ज्ञ नव्हे. माझा जन्म हिशेबाच्या वह्यांत गेला. पण हिशेबनिसाला एक सवय असते: कोणतीही रक्कम मांडण्यापूर्वी तो ‘ही कशाबद्दल?’ असे विचारतो. त्या सवयीचा येथे उपयोग झाला.

काम माझ्याकडे कसे आले ते आधी सांगितले पाहिजे. ताई निवृत्त शिक्षिका. यजमान गेल्यापासून एकटीच राहते. मुलगा, सून, नातू पुण्याला. मोबाईलवर ती चांगली सरावली होती. विजेचे बिल भरी, औषधे मागवी आणि रोज संध्याकाळी सात वाजता नातवाचे तोंड पाहून त्याच्याकडून पाढे म्हणवून घेई. एके दिवशी त्यांच्याच गल्लीतल्या एका गृहस्थांना व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. नंबर ओळखीच्या माणसाचा होता. पत्रिका कोणाची म्हणून त्यांनी बोट लावले. पत्रिका काही उघडली नाही; दोन दिवसांनी बँकेतली जवळजवळ सारी शिल्लक मात्र गेली.

गल्ली हादरली. ताईने आपला मोबाईल बंद केला, रुमालात गुंडाळला आणि कपाटात ठेवून दिला. बिलासाठी ती रांगेत उभी राहू लागली. नातवाचे पाढे थांबले. घरचा जुना टेलिफोन तर केव्हाच काढून टाकलेला. मे महिन्यात तिला ताप भरला आणि दोन दिवस त्याचा कोणालाच पत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी शेजारीणबाईंनी दार ठोठावले तेव्हा ती उठून कडी काढण्याच्या स्थितीत नव्हती. भाच्याचा मला फोन आला, “मामा, एखादा चांगला अँटिव्हायरस बघा आणि आईच्या फोनमध्ये घालून द्या. पैशाकडे पाहू नका. पण तो फोन कपाटातून बाहेर काढा.”

मी गोलाणी मार्केटमध्ये दोन संध्याकाळी हिंडलो. एकाने एका कंपनीचे नाव घेतले, दुसऱ्याने दुसरीचे. तिसरा म्हणाला, “काका, मोबाईलला काही लागत नाही.” चौथ्याने तीन वर्षांचे पॅकेट माझ्या हातातच ठेवले. तेव्हा ठरवले की आधी समजून घ्यावे, मग खिशात हात घालावा.

संगणकातला व्हायरस म्हणजे कोणीतरी बसून लिहिलेला एक कार्यक्रम. तो आपल्या नकळत यंत्रात शिरतो आणि आपल्याच नकला काढीत दुसऱ्या यंत्रात जातो. घरगुती संगणकांत पसरलेला पहिला प्रसिद्ध व्हायरस १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिला. त्याचे नाव ‘ब्रेन’. गंमत अशी की, त्यांनी त्यात आपले नाव, पत्ता आणि टेलिफोन नंबरही घातला होता! आपल्या वैद्यकीय कार्यक्रमाच्या चोरट्या नकला निघू नयेत म्हणून तो केला, असे त्यांचे म्हणणे. पुढे ‘मायकेलअँजेलो’ आला. तो वर्षभर गुपचूप बसे आणि ६ मार्चला, त्या महान शिल्पकाराच्या जन्मदिवशी, संगणकातली माहिती पुसून टाकी. १९९२ साली त्याने जगभर घबराट उडवून दिली होती.

या गोष्टीत मराठी माणसाचाही एक धडा आहे. सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले. पुढे त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. धाकटे बंधू संजय यांना मात्र त्यांनी संगणकाचे शिक्षण घ्यायला लावले. दुकानात दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने आजारी असत. संजय त्यावर उतारे लिहू लागले, आणि त्यांतूनच १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ हा अँटिव्हायरस बाजारात आला. २०१६ साली त्या कंपनीचे शेअर बाजारात विक्रीस आले. मुंबईचा ‘ई-स्कॅन’ आणि चेन्नईचा ‘के-सेव्हन’ हेही आपल्याच देशातले. याचा मला अभिमान वाटतो. पण अभिमान हे खरेदीचे कारण नव्हे. हे लोक काय काम करतात ते पाहिले पाहिजे.

अँटिव्हायरस दोन प्रकारे राखण करतो. पोलिस चौकीत नामचीन चोरांच्या तसबिरी लावलेल्या असतात, तशी ठाऊक झालेल्या व्हायरसांच्या खुणांची एक वही त्याच्याजवळ असते. आलेली प्रत्येक फाईल तो त्या वहीशी ताडून पाहतो. पण नवा चोर वहीत कसा सापडणार? म्हणून दुसरी रीत म्हणजे वागणुकीवर नजर ठेवणे. रात्री दोन वाजता शिडी घेऊन बोळात फिरणाऱ्याची तसबीर चौकीत नसली तरी शहाणा हवालदार त्याला हटकतोच. त्याचप्रमाणे एखादा कार्यक्रम भराभर सगळ्या फाईलींना कुलपे लावू लागला तर अँटिव्हायरस त्याचा हात धरतो. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. वही रोज नवी झाली पाहिजे; वर्गणी संपल्यावर जुन्या वहीवर बसलेला राखणदार असून नसून सारखा. आणि एका यंत्रावर दोन राखणदार नेमू नयेत. ते एकमेकांनाच चोर समजतात, आणि यंत्र मात्र मंद होते.

आता मी घरची यादी केली. वाचकांनीही आधी कागद-पेन्सिल घेऊन हेच करावे असे मी सुचवीन. किती यंत्रे, कोणती, कोण वापरतो आणि कशासाठी, असे चार रकाने. आमच्याकडे निघाले ते असे: मुलीचा नवा लॅपटॉप, माझा जुना संगणक, धाकट्या भावाच्या झेरॉक्सच्या दुकानातले दोन संगणक, घरात मिळून पाच मोबाईल आणि एक इंटरनेटवाला टीव्ही. ताईकडे एक मोबाईल.

मुलीच्या लॅपटॉपपासून आरंभ केला. तो विंडोज ११ चा. त्यात मायक्रोसॉफ्टचा ‘डिफेंडर’ हा राखणदार घराबरोबरच आलेला असतो. २०१२ च्या विंडोज ८ पासून ही सोय आहे आणि तिला वेगळे पैसे पडत नाहीत. पूर्वी लोक त्याला हसत. आज तसे नाही. जर्मनीत माग्डेबुर्ग येथे ‘एव्ही-टेस्ट’ आणि ऑस्ट्रियात इन्सब्रुक येथे ‘एव्ही-कंपॅरेटिव्हज्’ अशा दोन संस्था आहेत. त्या निरनिराळ्या अँटिव्हायरसांपुढे हजारो व्हायरस सोडून परीक्षा घेतात आणि निकाल जाहीर करतात. त्यांत अलीकडे डिफेंडर चांगल्यांच्या पंगतीत बसतो. तेव्हा लॅपटॉपवर काही विकत घेतले नाही. नव्या लॅपटॉपबरोबर महिन्याभरासाठी मिळालेला दुसरा एक अँटिव्हायरस ‘मुदत संपली, पैसे भरा’ म्हणून रोज दारात उभा राही. त्याला मात्र निरोप दिला.

माझ्या जुन्या संगणकाचा प्रश्न अवघड होता. तो विंडोज १० चा. त्याची नेहमीची डागडुजी मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. नाव नोंदवणाऱ्यांना वर्षभराची वाढीव मुदत दिली. डागडुजी म्हणजे काय, तर घराच्या भिंतीला कोठे भगदाड दिसले की कंपनी ते बुजवून देते. भगदाड उघडेच राहिले तर दारातला राखणदार काय करणार? याचा दाखला मोठा आहे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस सुटला. दोन-चार दिवसांत तो दीडशे देशांत पोचला. तो फाईलींना कुलूप लावी आणि किल्लीसाठी ३०० डॉलर मागे. इंग्लंडमधल्या इस्पितळांना रोगी परत पाठवावे लागले. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक बंद पडले. आणि ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवण्याचे साहित्य मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, दोन महिने आधी, वाटले होते! ज्यांनी ते घेतले त्यांच्याकडे तो या वाटेने शिरू शकला नाही. म्हणून मी माझ्या जुन्या संगणकावर बँकेचे व्यवहार बंद केले, इंटरनेटची तार काढली, आणि आता तो फक्त जमाखर्च लिहायला ठेवला आहे. एखादा भारी अँटिव्हायरस घालून त्याला तरुण करता येईल, असे सांगणारे दुकानदार भेटले. त्यांना नमस्कार केला.

भावाच्या दुकानाचे मात्र वेगळे. तेथे दिवसाकाठी वीस-पंचवीस गिऱ्हाइके येतात आणि प्रत्येकाचा पेनड्राइव्ह संगणकात शिरतो. परीक्षांच्या दिवसांत तर विचारू नका. केळीच्या बागेत मावा जे करतो तेच येथे पेनड्राइव्ह करतात. तेथे आम्ही पैसे खर्च केले. पेनड्राइव्ह लावताक्षणी तपासणारा, दोन यंत्रांपुरता, एका वर्षाचा अँटिव्हायरस रीतसर बिल घेऊन विकत घेतला. घेताना मी चार प्रश्न विचारले. ते प्रत्येक गृहिणीने आणि गृहस्थाने विचारावेत. किंमत किती यंत्रांची? दुसऱ्या वर्षी हीच किंमत राहील की पहिल्या वर्षीची सवलत संपून दुप्पट होईल? वर्ष संपल्यावर पैसे आपोआप कापले जाणार असतील तर ते कसे थांबवायचे? आणि अडले तर मराठीतून वा हिंदीतून बोलणारे माणूस फोनवर मिळेल का? बिलाशिवाय निम्म्या किमतीत मिळणारी ‘की’ घेऊ नये, आणि ‘क्रॅक’ केलेला फुकट अँटिव्हायरस तर मुळीच नको. चोराकडून कुलूप विकत घेण्यासारखेच ते.

फुकटच्या राखणदाराबद्दलही दोन शब्द. सगळे फुकट वाईट नसते. डिफेंडर फुकटच आहे. केंद्र सरकारनेही २०१७ साली ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. तेथे यंत्र साफ करण्याची साधने विनामूल्य मिळतात. पण देणारा जगतो कशावर, हे पाहावे. ‘अ‍ॅव्हास्ट’ ही मोठी जुनी कंपनी. तिच्या ग्राहकांनी इंटरनेटवर काय काय पाहिले याची माहिती तिच्याच एका पोटकंपनीमार्फत विकली गेली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ साली तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखणदाराला आपण घराची प्रत्येक खोली उघडी करून देतो. तेव्हा तो कोण आहे हा प्रश्न किमतीच्या आधीचा.

आता मोबाईल, म्हणजे ताईचा प्रश्न. मुलीकडे आयफोन आहे. त्यात एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या खोलीत डोकावू देत नाहीत, म्हणून संगणकावर असतो तसा अँटिव्हायरस तेथे चालतच नाही. बाकी सगळे अँड्रॉइड. त्यांत गूगलचा ‘प्ले प्रोटेक्ट’ हा पहारेकरी असतो. तो चालू आहे ना, एवढे पाहावे. पण त्या लग्नपत्रिकेने केले काय होते? ती पत्रिका नव्हतीच. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी तीन अक्षरे होती. छायाचित्राच्या किंवा पत्रिकेच्या फाईलला ही अक्षरे कधी नसतात. ही असली की ते अ‍ॅप समजावे. बोट लावल्यावर फोनने विचारले, ‘हे अनोळखी अ‍ॅप बसवू का?’ मालक हो म्हणाले. मग अ‍ॅपने विचारले, ‘तुमचे संदेश वाचू का?’ मालक पुन्हा हो म्हणाले. त्यानंतर बँकेचा ओटीपी जसा त्यांना दिसे तसाच चोरालाही दिसू लागला. वर त्याच फोनमधून तीच पत्रिका त्यांच्या ओळखीच्यांना निघाली. नंबर ओळखीचा असतो तो असा. वाहतूक दंडाची पावती, बँकेचे केवायसी, सरकारी योजनेचा हप्ता, अशी किती तरी सोंगे हा बहुरूपी घेतो.

चांगला अँटिव्हायरस येथे कधी कधी ओरडून सावध करील. पण घरधन्याने स्वतः दार उघडून, ‘या, बसा’ म्हणून पाट मांडला, तर राखणदार तरी किती वेळ काठी आपटणार? आणि जो चोर फोनवर पोलिसाचा आवाज काढून ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, पैसे भरा’ म्हणतो, त्याच्यापुढे तर जगातला कोणताही अँटिव्हायरस मुका आहे. तेथे फोनमध्ये काही शिरतच नाही. शिरते ते मनात, आणि ती भीती असते. वास्तविक डिजिटल अटक नावाची गोष्ट कायद्यातच नाही.

म्हणून धुळ्याला जाऊन आम्ही जे केले ते असे. ताईचा फोन जुना होता, त्याची डागडुजी कंपनीने थांबवलेली. भाच्याने अँटिव्हायरससाठी काढलेल्या पैशांत आणखी भर घालून नवा साधा फोन घेतला. त्यात अनोळखी अ‍ॅप बसवण्याची परवानगी बंद ठेवली. पुढचे पाऊल मात्र ताईला स्वतःलाच सुचले. ती म्हणाली, “बाजारात जाताना मी कपाटातले सगळे पैसे पाकिटात घालून जाते का? मग फोनमध्ये का ठेवू?” बँकेत जाऊन तिने दुसरे लहान खाते उघडले. पेन्शनचे खाते फोनला जोडलेले नाही. लहान खात्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे, आणि फोन जोडलेला तेवढ्यापुरताच. कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरांत १९३० हा आकडा लिहून ठेवला आहे. पैसे गेल्याचे कळताच प्रथम या सरकारी क्रमांकावर आणि लगोलग बँकेला कळवायचे. लाजून बसायचे नाही. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, त्यामुळे पहिला तास मोलाचा. त्या गल्लीतल्या गृहस्थांनी मुले काय म्हणतील या भयाने चार दिवस काढले होते. नुकसान त्यातही वाढले.

एक गोष्ट राहिली, नकलेची. धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर आहे, राजवाडे संशोधन मंडळ आहे. तेथे हस्तलिखितांचे गठ्ठे पाहताना नेहमी वाटते, वाळवी, पाणी, आग यांतून हे वाङ्मय वाचले ते पुष्कळ अंशी लोकांनी नकला करून ठिकठिकाणी ठेवल्या म्हणून. एक मठ जळाला तरी दुसऱ्या मठात पोथी होती. घरच्या फोटोंचे, कागदपत्रांचे तेच करावे. आम्ही एक वेगळी डिस्क घेतली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिच्यावर सगळ्याची नक्कल घ्यायची आणि ती काढून कपाटात ठेवायची. संगणकाला जोडलेलीच राहिली तर कुलूप लावणारा व्हायरस तिलाही कुलूप लावतो.

असा हा हिशेब. दोन घरांत मिळून यंत्रे अकरा आणि विकत घेतलेला अँटिव्हायरस फक्त दोन यंत्रांना. बाकीचा पैसा नव्या फोनात आणि डिस्कमध्ये गेला. टीव्हीला तर काहीच लागले नाही. त्याची डागडुजी चालू ठेवली आणि वाटेल ते अ‍ॅप घालायचे नाही अशी मुलांना ताकीद दिली. कोणत्या कंपनीचा घ्यावा, या प्रश्नाने मी निघालो होतो. परीक्षेच्या निकालात वरच्या ओळीतल्या चार-पाच नावांत फारसे डावे-उजवे नाही. कोणत्या यंत्राला कोणती भीती आहे हा प्रश्न आधी सोडवला की उरलेला आपोआप सोपा होतो.

धुळ्याला आता पुन्हा संध्याकाळी सातला पाढे चालतात. नातू एकोणतिशीपर्यंत आला आहे. दिवाळीनंतर तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होईल आणि ताईच्या फोनवर पत्रिकांचा पाऊस पडेल. त्यासाठी तिने आपला नियम करून ठेवला आहे. पत्रिकेला बोट लावायचे नाही. धाडणाऱ्याला उलट फोन करायचा, मुहूर्त विचारायचा, मुलगी काय करते, सोयरीक कोठली, सगळे विचारायचे. मी म्हटले, “ताई, लोक वैतागतील.” ती म्हणाली, “वैतागू देत. पूर्वी लोक अक्षत घेऊन दारात यायचे. पत्रिका फोनवर आली तरी आमंत्रण तोंडीच असते.”